वहीला चिकटलेले तीन खवले: या ट्राउटचं वय किती?

चिखलवाट

२०२४ च्या ऑक्टोबरात हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात आठ दिवस मुक्काम होता. आयुष्यात पहिल्यांदा परवाना काढून गळ टाकला. (तिथे ट्राउटला नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंदी असते, त्यामुळे हंगामाचे शेवटचे दिवस होते.) पाच दिवस काहीच नाही. सहाव्या दिवशी गुशैणी गावाच्या वर एका मोठ्या धोंड्यामागच्या शांत पाण्यात एक ब्राउन ट्राउट लागला. पिवळट पोट, अंगावर काळे ठिपके, मधूनमधून लाल. ओली पट्टी लावून मोजला: २४ सेंमी. काट्यावर १४० ग्रॅम. सोडून दिला.

माझ्याबरोबरचा मुलगा म्हणाला, "छोटा है सर, साल भर का होगा." रात्री घरमालकांना सांगितलं तर ते हसले. "इस पानी में साल भर का तो उँगली जितना होता है. ये तो अच्छा-खासा बूढ़ा होगा."

परवा त्या वेळची वही उघडली तर मापं लिहिलेल्या पानावर तीन खवले चिकटलेले सापडले. मासा धरताना तळहाताला लागले असणार. खवल्यावरून माशाचं वय कळतं असं कुठेतरी वाचलं होतं. भाचीकडे शाळेचा मायक्रोस्कोप आहे. पुढे काय करू? आणि दोघांतलं कोण बरोबर?

बाजीराव_बोंबील

सोडून दिला?? सहा दिवसांनी एक मासा मिळाला आणि सोडून दिला?? धागा इथेच संपला माझ्यासाठी.

शिंपला

बाजीराव, तुम्ही बसा जरा. :)

चिखलवाट, रत्नागिरीला मत्स्यशास्त्र शिकले आणि नंतर दोन हंगाम कुल्लूकडे थंड पाण्यातल्या माशांच्या कामावर होते, म्हणून लिहिते. तुमचे घरमालक बरोबर असण्याची शक्यता जास्त. त्या मुलाचीही चूक नाही म्हणा, त्याच्या डोळ्यापुढे फार्मवरचा रेनबो ट्राउट असणार. तो दाणे खाऊन वर्ष-दीड वर्षात पाव किलोचा होतो. ओढ्यातल्या रानटी ब्राउन ट्राउटला दाणे कोण घालणार? दगडाखाली घर करणाऱ्या कॅडिसच्या अळ्या, मेफ्लायची पिल्लं, वाहत आलेला एखादा नाकतोडा. तेही पाणी जरा कोमट असेल त्या महिन्यांतच.

आता खवल्याचं. माशाच्या अंगावरच्या खवल्यांची संख्या जन्मभर जवळपास तेवढीच राहते. मासा वाढतो तसा प्रत्येक खवला कडेने वाढत जातो आणि वाढताना त्यावर बारीक कडी उमटतात. उन्हाळ्यात खाणं भरपूर, तेव्हा कडी विरळ पडतात. हिवाळ्यात वाढ जवळजवळ थांबते, कडी दाटीवाटीने बसतात, काही अर्धवट तुटतात. दाट पट्टा संपून पुन्हा विरळ कडी सुरू होतात ती सीमा म्हणजे एक हिवाळा.

खवले साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा, बोटांत अलगद चोळून वरचा बुळबुळीत थर काढा, दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून वाळू द्या. रंगबिंग काही नको. सगळ्यात कमी ताकदीच्या भिंगाखाली बघा आणि मोबाइलने फोटो काढा.

एक प्रश्न: खवले अंगावर कुठले होते, आठवतं का?

चिखलवाट

नाही हो ताई. डाव्या हातात मासा होता एवढंच आठवतं.

शिंपला

हं. मग आकडे थोडे सैल धरा. आम्ही नेहमी पाठीवरचा मोठा पर आणि शेपटीजवळचा तो छोटा मांसल पर, या दोघांच्या मधल्या भागातून, अंगावरच्या मधल्या रेषेच्या किंचित वरचे खवले घेतो. तिथे खवले सर्वांत आधी उगवतात. पोटाचा किंवा मानेजवळचा खवला उशिरा उगवतो, त्यामुळे त्यावर सुरुवातीचा इतिहास कमी असतो.

अबोली७

वाचतेय. अगदी झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखं की हे!

शंकासूर

झाडाचं खोड गळून पुन्हा उगवत नाही. खवला पडला तर नवा येतो ना? मग नव्या खवल्यावर जुनी वर्षं कशी दिसणार?

चिखलवाट

शंकासूर, तुमच्या तोंडात साखर पडो. नेमकं तेच झालं.

काल रात्री तिन्ही पाहिले. पहिल्या खवल्याच्या मधोमध निव्वळ कोरं मैदान, कडी फक्त काठाला. भाची म्हणाली, "मामा, ही सीडी आहे." दुसऱ्याचा तुकडा उडालेला. तिसरा मात्र देखणा! मधल्या बिंदूपासून कडी सुरू, आणि मला चार दाट पट्टे मोजता आले. चौथ्यानंतर थोडी विरळ कडी आणि मग काठ. म्हणजे चार वर्षांचा?

शिंपला

पहिला खवला नव्याने उगवलेला. जुना कधीतरी पडला, माशाने भोक बुजवायला घाईघाईने नवा वाढवला. त्यात बालपणाची नोंद नसते, असे खवले आम्ही बाजूला काढतो. म्हणून एका माशाचे आठ-दहा तरी खवले घ्यायचे असतात. तुमच्याकडे एक तरी धड निघाला, नशीब.

चार पट्टे आणि पुढे चालू हंगामाची वाढ, याला आम्ही "चार अधिक" लिहितो. म्हणजे चार हिवाळे पाहिले आणि पाचवा उन्हाळा संपत आलेला. अंडी कार्तिकाच्या आसपास खड्यांत पुरली जातात, पिल्लं वसंतात खड्यांतून वर येतात. तेव्हा हा २०२० च्या वसंतातला असावा.

आता गंमत करायची असेल तर फोटो मोठा छापून मध्यापासून प्रत्येक पट्ट्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत आणि शेवटी खवल्याच्या काठापर्यंत अंतर मोजा. सगळी मापं एकाच सरळ रेषेवर.

चिखलवाट

मोजलं. मध्यापासून काठ ६० मिमी. पट्टे १४, २७, ४० आणि ५१ मिमीवर.

त्रैराशिक मांडलं: ६० मिमी म्हणजे २४ सेंमी, तर १४ म्हणजे ५.६ सेंमी. पुढचे १०.८, १६ आणि २०.४. पहिल्या हिवाळ्यात साडेपाच सेंमी! घरमालकांचं बोट जिंकलं.

शिंपला

त्रैराशिक छान, पण त्यात एक खोच आहे. १९१० च्या सुमारास नॉर्वेतल्या लोकांनी हेच त्रैराशिक वापरलं आणि मग लक्षात आलं की मासा जन्मतो तेव्हा त्याच्या अंगावर खवले नसतातच. ट्राउटचं पिल्लू साधारण तीन-साडेतीन सेंमीचं होतं तेव्हा खवले धरू लागतात. म्हणजे खवल्याचा शून्य आणि माशाचा शून्य एक नाही. म्हणून आधी २४ मधून ३ वजा करायचे, उरलेल्या २१ वर त्रैराशिक करायचं आणि शेवटी ते ३ परत मिळवायचे.

तुमच्या मापांना लावलं तर ७.९, १२.५, १७ आणि २०.९ येतात. पहिल्या वर्षात फरक सव्वादोन सेंमीचा, चौथ्यात जेमतेम अर्ध्याचा. मासा जितका लहान होता तितकी चूक मोठी.

बोट तरीही जिंकलंच. ७.९ सेंमी म्हणजे तर अख्खं बोट.

बाजीराव_बोंबील

पाच वर्षांत १४० ग्रॅम. आमच्या सोसायटीतलं मांजर यापेक्षा पटकन वाढतं. मी पुढच्या वेळी फार्मवरचाच घेईन.

डोंगरउतार

उशिरा आलो. नोकरीनिमित्त बारा वर्षं स्कॉटलंडात ॲबर्डीनला आहे, सुट्टीला हायलँड्समधल्या ओढ्यांवर गळ घेऊन जातो. इकडे ओढ्याला 'बर्न' म्हणतात. पीटमधून (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या दलदलीतून) येणारं चहाच्या रंगाचं आम्लधर्मी पाणी, त्यात किडे कमी. तिथले ब्राउन ट्राउट पंधरा सेंमीचे असतात आणि ते पोरं नव्हेत. पूर्ण वाढलेले, अंडी घालणारे मासे आहेत ते. मीही सुरुवातीला "बाळ आहे" म्हणून हळहळायचो. एका म्हाताऱ्या गिलीने (मासेमारीच्या वाटाड्याला इकडे गिली म्हणतात) मला चांगलं झापलं होतं.

उलट दक्षिण इंग्लंडात टेस्ट, इचेन या खडूच्या दगडातून उगवणाऱ्या नद्या आहेत. झऱ्याचं पाणी, त्यामुळे हिवाळ्यात फार गार नाही, उन्हाळ्यात फार गरम नाही, शेवाळ आणि किडे मुबलक. जात तीच, पण तिथला मासा तीन वर्षांत असा फुगतो की इकडच्या बर्नमधल्याला काका वाटावा. यात चुन्याच्या पाण्याचा वाटा किती आणि तापमानाचा किती, यावर इकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या भांडत आलेत.

त्याहून गमतीचं: त्याच बर्नमध्ये जन्मलेल्या भावंडांपैकी काही समुद्रात जातात, तिथे भरपेट खातात आणि चंदेरी होऊन किलो-दोन किलोचे परत येतात. सी-ट्राउट म्हणजे निराळी जात नव्हे. आणि काही खोल तळ्यात जाऊन तीसेक सेंमीचे झाले की किडे सोडून 'चार' (इंग्रजीत char) नावाचे मासे खायला लागतात. अशांना 'फेरॉक्स' म्हणतात. इतर ट्राउट म्हातारे होतात त्या वयात यांची वाढ दुसऱ्यांदा जोर धरते, आणि वीस वर्षांवरचे फेरॉक्स मिळाले आहेत.

शंकासूर

म्हणजे लांबीवरून वय सांगता येत नाही, हे कळलं. पण खवल्यावरून तरी सांगता येतं का? शिंपलाताई "चार अधिक" म्हणाल्या, कशावरून बरोबर? पट्टा हिवाळ्याचाच कशावरून? आजारपण, पूर, गळ लागून सुटलेला, कशानेही वाढ थांबू शकते.

शिंपला

रास्त शंका, आणि खवल्याची खरी दुखती नस हीच. वर्तुळ उमटतं ते वाढ थांबल्यामुळे. कॅलेंडरशी त्याचं काही घेणं नाही. थंड प्रदेशात वाढ दर हिवाळ्यात थांबते म्हणून ते वर्षाचं धरायचं, इतकंच. दोन्ही बाजूंनी फसगत होते. मधेच खोटा पट्टा उमटला तर वय जास्त मोजलं जातं. पण डोंगरातल्या ओढ्यांत उलटा धोका मोठा, वय कमी मोजलं जाण्याचा.

पहिला हिवाळा हरवतो तो असा. फार उंचावर, बर्फाच्या पाण्यात पिल्लू उशिरा बाहेर येतं आणि हिवाळ्यापूर्वी तीन-चार सेंमीच्या पुढे जात नाही. खवलेच नाहीत तर पट्टा कुठे उमटणार? एक वर्ष गायब. गुशैणीचं पाणी काही इतकं उंचावरचं नाही, आणि तुमच्या पहिल्या पट्ट्याला पावणेआठ-आठ सेंमी येतायत, तरी हा मासा वरच्या एखाद्या नाल्यातून खाली आला असेल तर? आठ सेंमी ही त्याची दुसऱ्या हिवाळ्याची लांबीही असू शकते. तेव्हा चार किंवा पाच. त्यापुढे मी पैज लावणार नाही.

दुसरी भानगड म्हातारपणी. मासा वाढायचा थांबला की खवलाही थांबतो. मग पुढचे हिवाळे काठावर एकावर एक चढतात, किंवा दिसतच नाहीत. अंडी घालण्याच्या काळात मासा खवल्यांतला कॅल्शियम वापरून टाकतो तेव्हा काठ झिजतो, आणि त्याबरोबर नोंदही. खवल्यावर सहा वर्षांचा दिसणारा मासा प्रत्यक्षात दहाचा असू शकतो.

शंकासूर

मग खरं वय सांगणारं काही आहे की नाही?

शिंपला

आहे, कानातला खडा. ओटोलिथ. कोकणातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. ढोमा किंवा घोळीचं डोकं फोडलं की पांढरे खडे निघतात, लहानपणी आम्ही ते जमवायचो. तसेच खडे ट्राउटलाही असतात, तीन जोड्या, फक्त सर्वांत मोठाही तांदळाच्या कणीएवढा. मासा तोल सांभाळायला आणि ऐकायला ते वापरतो. मासा लांबीने वाढायचा थांबला तरी खड्यावर थर चढत राहतात आणि शरीर ते परत शोषून घेत नाही. शिवाय तो जन्माआधीपासून असतो, त्यामुळे पहिला हिवाळा हरवत नाही.

अडचण एकच. खडा काढायला मासा मारावा लागतो.

बाजीराव_बोंबील

बघा! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. विज्ञानासाठी तरी खायचा होता.

डोंगरउतार

शंकासूर यांच्यासाठी एक पक्कं उदाहरण, ज्यात खवल्याचीही गरज नाही आणि खड्याचीही. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतात बनी लेक नावाचं उंचावरचं एक चिमुकलं तळं आहे. १९५१ मध्ये तिथे ब्रुक ट्राउटची पिल्लं सोडली. कधी सोडली ते ठाऊक, म्हणून वय ठाऊक. खाणं तुटपुंजं, वर्षातला बहुतेक काळ वर बर्फ. त्यातले शेवटचे मासे २४ वर्षं जगले, आणि आकार जेमतेम वीत-सव्वा वीत. १९७९ साली हे प्रसिद्ध झालं. ब्रुक ट्राउट एरवी पाच-सहा वर्षांच्या पुढे फारसा जात नाही.

शंकासूर

ब्रुक ट्राउट खरा ट्राउट नाही, तो 'चार' (char) माशांच्या गटातला. आणि ते तळं आहे, ओढा नाही. :)

डोंगरउतार

मान्य. पण थंडी आणि उपासमार यांनी मासा लहान राहतो आणि फार काळ टिकतो, हे त्यात शुद्ध स्वरूपात दिसतं. ओढ्यात इतकं आयुष्य मिळत नाही. पूर, बर्फ, पाणमांजर, गळ... ओढ्यातला ट्राउट सात-आठ वर्षांचा झाला तरी आजोबा.

अबोली७

मला एक बाळबोध प्रश्न. थंडीने वाढ थांबते म्हणता, तर गरम पाण्यात झपाट्याने वाढेल ना? मग महाबळेश्वरला का नाही सोडत कुणी?

शिंपला

बाळबोध अजिबात नाही. इंग्लंडात विंडरमियरला जे. एम. एलियट यांनी १९७० च्या दशकात टाक्यांत ब्राउन ट्राउट ठेवून, पोटभर खायला घालून, वेगवेगळ्या तापमानांना मोजलं. साधारण ४ अंशांच्या खाली वाढ नाही. १३ च्या आसपास सर्वांत वेगवान. १९ च्या वर पुन्हा शून्य, कारण गरम पाण्यात शरीराचा खर्चच इतका वाढतो की खाल्लेलं सगळं त्यातच जातं. २५ च्या आसपास आठवडाभरात जीव जायला लागतो. बरं, हे पोटभर खायला असताना. खाणं अर्धपोटी असेल तर वाढीला सोयीचं तापमान आणखी खाली सरकतं. ओढ्यात अर्धपोटीच असतात बहुतेक.

सह्याद्रीतले ओढे उन्हाळ्यात आटतात तरी, नाहीतर या मर्यादेपलीकडे तापतात. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या वरच्या पठारांवर जमलं, पण ते रेनबो ट्राउट, आणि २००० मीटरच्या आसपासच्या उंचीवर. तिथे फ्रान्सिस डे यांचा १८६३ चा प्रयत्न फसला होता, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एच. सी. विल्सन यांच्या खटपटीनंतर मासा टिकला. तिकडे हिवाळा असा कडक नसल्यामुळे खवल्यावरचे पट्टे पुसट. तिथल्या खवल्यावर वय मोजायला बसलं की डोळे दुखतात आणि हाती काही लागत नाही.

डोंगरउतार

हिमालयातलाही पाहुणाच की. १८९९ मध्ये ड्यूक ऑफ बेडफर्डने काश्मीरला पाठवलेली अंडी वाटेतच मेली, १९०० साली स्कॉटलंडहून गेलेली जगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या मिचेल नावाच्या गृहस्थाने ती वाढवली. १९०९ मध्ये तिथून कुल्लूला आली. म्हणजे चिखलवाट, तुमचा तीर्थनचा मासा आमच्या बाजूचाच.

शिंपला

आणि त्याने तिथल्या मूळच्या 'असला' नावाच्या माशांची पंचाईत केली ते राहिलं. असल्याला 'स्नो ट्राउट' म्हणतात खरं, पण तो ट्राउट नाही, कटला-रोहूच्या कुळातला. ब्राउन ट्राउट त्याची पिल्लं खातो. पण तो वेगळा धागा होईल.

चिखलवाट

परत एकदा मापांकडे. ताईंच्या आकड्यांनुसार वार्षिक वाढ अशी: पहिल्या वर्षी ७.९, मग ४.६, ४.५, ३.९, आणि शेवटच्या हंगामात ३.१. चौथी वाढ २०२३ ची. जुलै २०२३ मध्ये कुल्लूत केवढा पूर आला होता! त्यामुळे घटली असेल का? आणि पहिला हिवाळा हरवला असेल तर हे वर्ष चुकेल का?

शिंपला

दुसऱ्याचं उत्तर आधी देते कारण ते सोपं आहे: चुकणार नाही. वर्षं काठाकडून आत मोजा. काठ म्हणजे ऑक्टोबर २०२४, हे पक्कं. त्याच्या आतला पट्टा २०२३-२४ चा हिवाळा. घोळ फक्त मध्याशी आहे, काठाशी नाही.

पुराबद्दल मात्र हो म्हणवत नाही. पुरात दगडगोटे लोटले जातात, किडे वाहून जातात, पाणी गढूळ होऊन माशाला भक्ष्य दिसत नाही, हे सगळं खरं. पण तिसऱ्या-चौथ्या वर्षी ट्राउट वयात येतो आणि खाल्लेलं अंड्यांकडे किंवा शुक्राकडे वळतं, तेव्हाही वाढ अशीच उतरते. तुमची शेवटची वाढ तर २०२३ पेक्षाही कमी आहे, म्हणजे उतार पुढेही चालूच राहिला. पुराचा ठसा शोधायचा तर त्याच ओढ्यातले तीस-चाळीस मासे, वेगवेगळ्या वयांचे, आणि सगळ्यांची २०२३ ची वाढ एकदम बसलेली दिसायला हवी. पुराने वाढ खुंटण्यापेक्षा पिल्लंच जास्त मरतात. तो ठसा खवल्यावर नसतो, त्या वर्षाची पिढीच ओढ्यात सापडत नाही.

शंकासूर

आज पहिल्यांदा कुणीतरी "एका उदाहरणावरून सांगता येत नाही" म्हणालं या संस्थळावर. तारीख नोंदवून ठेवतो.

अबोली७

+१ :))

तेरा अंशांवर सर्वांत जास्त वाढ म्हणता, म्हणजे हवामान तापलं तर वरच्या गार ओढ्यांतल्या माशांचं भलंच होईल की काय?

शिंपला

काही काळ, वरच्या टप्प्यात, होऊ शकतं. पण खालच्या टप्प्यात उन्हाळा १९ च्या पलीकडे गेला की तिथून हटावं लागणार, आणि ओढा वर जाताना अरुंद होत जातो. जागा कमी, मासे तेवढेच, मग प्रत्येकाच्या वाट्याला खाणं कमी. दाटी झाली की वाढ खुंटते. त्यात पिल्लं जागेसाठी फार भांडतात. खड्यांतून वर आल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांतच बहुतेक मरतात, ज्यांना स्वतःचा कोपरा मिळत नाही ती.

चिखलवाट, तुम्ही तो धोंड्यामागचा कोपरा म्हणालात ना? चांगला कोपरा रिकामा राहत नाही.

चिखलवाट

घरमालकांना कालच फोन करून "चार किंवा पाच" कळवलं. ते म्हणाले, "मैंने तो पहले ही बोला था." मग म्हणाले, त्या धोंड्यामागे मार्चमध्ये एक होता, पण तोच की दुसरा, कोण जाणे. पुढच्या वेळी खवले कुठून काढायचे ते लिहून घेतलंय. तीन नाही, दहा.

बाजीराव_बोंबील

मी आज ढोम्याची दोन डोकी फोडली. चार खडे मिळाले. वर्तुळं काही दिसेनात, बायको मात्र "हे काय चाललंय" म्हणून बघतेय. ताई, घासायचे कशाने?

शिंपला

सगळ्यात बारीक पॉलिश पेपर, ओला करून. अगदी हळू. आणि आधी कालवण होऊ द्या, बाजीराव.